तू उत्तर देऊ नको वं

माझ्या भावाने मला चर्चमध्ये तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं.

मी ठेवलं.

आज विल्सनदादाला जाऊन एक वर्ष झालं. आता सांगायला हरकत नाही.

आमच्या लहानपणी पॅरिशमध्ये पुरुषांचा रोझरीसंघ, म्हणजे मिळून जपमाळ म्हणणाऱ्यांचा संघ होता. शनिवारी संध्याकाळी पांढरे शर्ट, गळ्यात निळी रिबीन, रिबिनीला मेडल. आमचे बाबा त्यात होते. बाबा गेले तेव्हा त्यांच्या खाटेभोवती त्याच निळ्या रिबिनी उभ्या होत्या. पुरुषांचा तो जाड, एकसुरी आवाज मला अजून ऐकू येतो.

पुढे मंडळी थकली, काही गाव सोडून गेली. संघाचा बॅनर सॅक्रिस्टीच्या, म्हणजे वेदीमागच्या खोलीतल्या कपाटात, ख्रिसमसच्या गोठ्याच्या देखाव्यातल्या मेंढ्यांच्या मागे जाऊन बसला.

वहिनी गेली तेव्हा घरात रोझरी आम्ही बायकांनीच म्हटली. पुरुष गेटपाशी गाड्यांना टेकून उभे. गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा, हातात मोबाईल.

दादाला ते फार लागलं.

"माह्या वेळी पुरुषाचा आवाज पाह्यजे वं," मला म्हणाला. "बाबाच्या वेळी होता."

दादा पी.टी.चा मास्तर. एका 'सावधान'मध्ये अख्खं ग्राउंड गप्प करायचा. त्याला वाटलं, संघ पुन्हा सुरू होतोय असं फादरांनी अनाउन्स केलं की माणसं येतील.

पहिल्या शनिवारी आत आला फक्त दादा; बाकीचे पुरुष चर्चच्या गेटवरच थांबले.

आणि मागच्या बाकावर मी, धरमपेठेतून स्कूटीवर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रोझरीतली मुख्य प्रार्थना दोन तुकड्यांत असते. पहिला तुकडा एकजण म्हणतो, दुसरा बाकीचे म्हणतात. त्याला आम्ही उत्तर म्हणतो. मण्यामागून मणी, तेच.

दादाने पहिला तुकडा म्हटला आणि थांबला. पंखा फिरत होता. मी उत्तर दिलं.

त्याने मागे वळून पाहिलं. शिट्टीच्या आधी पळालेल्या पोरीकडे पाहावं तसं.

"फाउल," म्हणाला. देवळात.

बाहेर आल्यावर मी भांडले. "एकटा काय म्हणत बसतोस? मी देते ना उत्तर."

"तू उत्तर देऊ नको वं. बायका म्हणून राहिल्या म्हटल्यावर हे काहून येतील अंदर?"

"मग मी यायचं कशाला?"

"ऐकाले ये. मीच बोलतो, मीच ऐकतो, असं नको व्हायले."

तुम्हाला वाटेल, गप्प बसण्यात काय कठीण आहे. पण कॉन्व्हेंटमध्ये वाढलेल्या मुलीच्या कानावर अर्धी प्रार्थना पडली की उरलेली अर्धी आपोआप तोंडातून येते. सिस्टरांनी सवयच तशी लावली आहे. शेवटी मी पर्समध्ये पेपरमिंट ठेवायला लागले. दादाने सुरुवात केली की एक तोंडात.

गेटवरच्या पुरुषांच्या तोंडात खर्रा. माझ्या तोंडात पेपरमिंट. मध्ये दादा एकटा.

प्रत्येक वेळी थांबायचा. कोणी बोललं नाही की उत्तर स्वतःच हळू आवाजात म्हणायचा, आणि पुढचा मणी. ते थांबणं मला बघवत नसे.

अकरा शनिवार असे गेले.

बाराव्या शनिवारी पॅरिशमधले वर्गीस अंकल आत आले. बाहेर ऊन फार होतं, बायको ऑफिसात फादरांशी बोलत होती, म्हणून पंख्याखाली बसले. दादा थांबला. आणि मागून उत्तर आलं.

मल्याळममध्ये.

मला एक शब्द कळला नाही. पण ताल तोच, लांबी तीच. दादाने वळून पाहिलं नाही. पुढचा मणी मात्र त्याला जरा वेळाने सापडला.

नंतर अंकल ओशाळून म्हणाले, "मराठी में नहीं आता. अम्मा ने ऐसे ही सिखाया था."

"चलता है अंकल," दादा म्हणाला. "मदर मेरी को सब समजता है."

ही बातमी गेटवर पोचली. तिथल्या टोळीचा म्होरक्या सायमन, दादाचाच जुना विद्यार्थी. तो पुढच्या शनिवारी दारात येऊन उभा.

"सर, केरळवाले अंकल उत्तर देऊन राहिले, अन् आम्ही काय मुके आहो का?"

"मुका नाही गा तू. तोंड भरलं आहे तुहं. पहिले थुकून ये."

तो थुंकून आला. त्याच्यामागून दोघं आले. पुढे दिवाळीपर्यंत चौदा झाले. मेंढ्यांच्या मागचा बॅनर निघाला, वहिनीच्या मशीनवर मी नव्या रिबिनी शिवल्या. मराठी, हिंदी, मल्याळम, सगळी उत्तरं एकदम यायची आणि वेगवेगळ्या वेळी संपायची. दादा म्हणायचा, कदमताल जमत नाही अजून.

मी मागच्या बाकावर. पेपरमिंट चालूच. मी एकदा विचारलं, आता तरी बोलू का? म्हणाला, "थांब. कच्चे आहेत अजून."

मागच्या वर्षी आजच्या दिवशी, दुपारी, दादा घरीच होता. आता काही तासच, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. मी सायमनला फोन केला. अर्ध्या तासात निळ्या रिबिनी खाटेभोवती होत्या.

सायमनने पहिला तुकडा म्हटला आणि थांबला. अगदी दादासारखा.

दादाने डोळे उघडले. माझ्याकडे नाही, दाराकडे पाहिलं.

दारात कोणी नव्हतं. सगळे आत होते.

मग उत्तर आलं. मी पदर तोंडाशी धरून ठेवला. त्याला पुरुषांचा आवाज हवा होता, तो मला बिघडवायचा नव्हता. पाचव्या दशकाच्या, म्हणजे शेवटच्या दहा मण्यांच्या आत दादा गेला. त्यांनी रोझरी पूर्ण केली, मगच रडले.

वर्षभर मी तशीच मागे बसते. काल सायमन म्हणाला, "ताई, सर म्हणत होते कच्चे आहो. आता पक्के झालो ना जी?"

झाले.

आज संध्याकाळी तुझ्या नावाची रोझरी आहे, दादा. पेपरमिंट घरी ठेवून जाते आहे.

मी उत्तर देणार.

फाउल धर.