बाबांची सजा

नागपूरहून दीक्षा घेऊन परतले त्याच दिवशी बाबांनी आम्हाला मारायची तुराटी चुलीत घातली. "आजपासून या घरात कोणी कोणाले मारन नाही," असं जाहीर केलं. आईला मोठीच पंचाईत पडली. "मंग हे पोट्टे ऐकतीन कसे?"

बाबांनी नवा कायदा काढला. ज्यानं चूक केली त्यानंच आपली सजा सांगायची. आम्हा भावंडांना वाटलं, चंगळ झाली. पण बाबा समोर बसून शांतपणे "सांग, काय सजा देऊ?" विचारायचे, तेव्हा तोंडून हलकी सजा निघतच नसे. मडकं फोडलं म्हणून माझ्या भावानं आठ दिवस पाणी भरायचं कबूल केलं, आणि दुसऱ्याच दिवशी रडत बसला.

मी चौथी पास झाले आणि माझी शाळा बंद करायचं ठरलं. पाचवी फुलसावंगीला, मधे नाला, पोरीला एकटी कशी धाडायची? आठवडाभर मी फुगून बसले. कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

त्यातच एका दुपारी पेरणीसाठी ठेवलेली सरकी शेळीनं खाल्ली. बाबा वावरातून आले, दार मीच उघडं टाकलं असं समजले आणि फाडकन माझ्या गालावर दिली. मी रडायच्या आधी आईच ओरडली, "तिले कायले मारता? सकाळी सरकी पाहाले तुमीच आत गेलते ना!"

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. ते अंगणात खाली बसले, मला जवळ बोलावलं. "माही चूक झाली. पण माही सजा मीच सांगतली त सस्ती सांगीन. तूच सांग."

गाल चांगलाच चुरचुरत होता, पण असा मोका पुन्हा येणार नव्हता. "मले पाचवीत टाका. अन् रोज शाळेत पोचवून द्या."

आई हसायलाच लागली. बाबा म्हणाले, "कबूल."

तीन वर्षं ते मला पोचवायला आले. नाल्याला पाणी असलं की खांद्यावर घेत. लोक चिडवायचे, "काय बुवा, पोरीले बॅरिस्टर करता काय?" बाबा म्हणत, "सजा भोगून राह्यलो."

सातवी पास झाले. आठवी यवतमाळला, तीही वसतिगृहात राहून. घरात विषय काढायची मला भीती वाटत होती. संध्याकाळी बाबा शेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "माही सजा त सरली. आता आठवीसाठी अजून एक चापट मारू काय?"

मी गाल पुढे केला.