घोंगडी घरपोच, टपालखर्च माफ

हे बायकोला ठाऊक नाही, भावाला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं ते अप्पा तर आता मातीत गेले. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझं काही वाकडं करू शकत नाही म्हणून — एवढंच. माझं धाडस इतपतच आहे.

वडवणीत आमचं घोंगड्या-चादरींचं दुकान. अप्पा म्हणजे माझे वडील. त्यांचा धंद्यातला रिवाज एकच — मालाचा भाव वेगळा, हमाली वेगळी, आणि दोन्ही तोंडावर सांगायचं. ज्याला हमाली जड वाटेल त्याने घोंगडं खांद्यावर टाकावं आणि चालू लागावं. मला या सरळपणाची लाज वाटायची. मी बी.कॉम. झालो होतो ना! बीडला एसटी स्टँडसमोर नव्यानेच सायबर कॅफे निघाला होता, आणि तिथल्या खुर्चीत बसून मी जगाशी व्यापार करायला निघालो होतो. जग म्हणजे काय, तर पुण्या-मुंबईचे मूठभर हौशी लोक. एका वेबसाइटवर घोंगड्यांचे फोटो टाकले, भाव लिहिला, आणि अप्पांच्या रिवाजाप्रमाणे खाली लिहिलं — टपालखर्च वेगळा.

एक गिऱ्हाईक टिकेना. काय लोक असतात पाहा! घोंगड्याच्या भावाला कुरकुर नाही, 'अस्सल', 'हातमागाचं' म्हणून इंग्रजीत कौतुकं, आणि टपालाचं नाव निघालं की गायब. जसं काही घोंगडं आपल्या पायांनी कोथरूडला चालत येणार होतं. मग मी ती ओळ बदलून 'टपालखर्च माफ' अशी केली. तेच लोक तुटून पडले. माफ! कुणी केला, कुठून केला — एकाही शहाण्याने विचारलं नाही. मला त्यांची किळस यायची, आणि आपण त्यांच्याहून चलाख, याचा अभिमानही वाटायचा.

पण माफ म्हणजे भरायचा कुणी? भाव वाढवला की गिऱ्हाईक पळायचं. पार्सल जितकं जड तितका टपालखर्च, आणि घोंगडं म्हणजे जडच माल. मग वजनच उतरवलं तर?

आमची घोंगडी लिंबाजी विणायचे. अप्पांच्याच वयाचे, धनगर, घरात पिढ्यान्‌पिढ्या माग. विणून झालं की ते घोंगड्याला चिंचोक्याची खळ द्यायचे. चिंचोके शिजवून केलेली ती चिकट पेज लोकरीत मुरली की घोंगडं ताठ होतं, वजनाला भरतं, आणि त्यातून पाणी गळत नाही. आमच्याकडे बाजारात घोंगडं घ्यायची रीतच तशी — चौघांनी चार कोपरे धरायचे, मध्ये तांब्याभर पाणी ओतायचं. थेंब खाली पडला नाही तर सौदा.

मी ती खळच धुऊन काढायला लागलो. अप्पा देवळात गेले की परसात, कढत पाण्यात सोडा टाकून. वाळल्यावर घोंगडं हलकं आणि मऊ व्हायचं. शहरातल्यांना मऊच आवडायचं, अंगाला टोचत नाही म्हणे. घोंगडं, आणि टोचायला नको!

मग एका गिऱ्हाइकाचं घोंगडं डोंगरात पावसात गळलं. त्याने 'पाणी गळतं' अशी चिठ्ठी घालून ते दुकानाच्या पत्त्यावर परत धाडलं — टपालखर्च स्वतः भरून. पार्सल अप्पांनीच फोडलं.

अप्पांनी ते तसंच आठवडी बाजारात लिंबाजींसमोर नेलं. कोपरे धरायला माणसं बोलावली. एक कोपरा माझ्या हातात होता. अप्पांनी पाणी ओतलं, आणि ते सगळं लिंबाजींच्या पायांवर सांडलं. माणसं हसली.

लिंबाजींनी घोंगडं नाकाशी नेलं.

"अप्पा, ह्ये धुतलंय. सोड्यात धुतलंय."

अप्पा माझ्याकडे वळले. "मन्मथ, धुतलं का रे?"

"न्हाई, अप्पा."

बस, इतकंच. यापेक्षा मोठं पाप करायलाही अंगात काही लागतं — माझ्यात तेवढंही नव्हतं. अप्पांनी दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही. स्वतः कधी खोटं न बोललेल्या माणसाला पोराचं खोटं कसं ओळखू येणार? लिंबाजींनी वाद घातला नाही. "मंग माझंच चुकलं असंल," म्हणाले, आणि चपलेला लागलेल्या शेणाकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहून निघून गेले. त्यांचं काही चुकलं नव्हतं, त्या पाहण्यातही नाही.

त्यानंतर त्यांनी घोंगडं उलगडलं की पाणी ओतायच्या आधीच बाजार हसायचा. पुढे त्यांनी माग मोडला आणि दुसऱ्यांची मेंढरं राखू लागले. मी 'टपालखर्च माफ' बरीच वर्षं चालवलं. दुसऱ्यांकडून घोंगडी घेत होतो, तीही धूतच होतो.

अप्पांच्या स्वतःच्या अंगावर कायम लिंबाजींनी विणलेलं घोंगडं असायचं. पाणी गळलं त्या दिवशी बाजारातून आल्यावर त्यांनी ते गोठ्यात भिरकावलं. लबाडाचं अंगाला नको, म्हणाले. शेवटच्या थंडीत ते अंथरुणाला खिळले. चादरींवर चादरी घातल्या तरी हुडहुडी थांबेना. आई गोठ्याकडे जायला उठली, तर त्यांनी हातानेच नको म्हटलं. मी पायथ्याशी होतो. एक वाक्य बोललो असतो, तर ते घोंगडं त्यांनी स्वतः मागून घेतलं असतं. बोललो का? पाय चेपत बसलो — आणि बघायला येणारे म्हणत होते, पोरगा असावा तर असा. अप्पा त्या थंडीतच गेले.

लिंबाजी अजून आहेत. रस्त्यात भेटतात, मी दुसरीकडे बघतो.

ते घोंगडं गोठ्यातच राहिलं, आता म्हशीच्या पाठीवर असतं. परवा अवकाळीत गोठ्याचे पत्रे उडाले. पाऊस थांबल्यावर मी पाहायला गेलो. घोंगडं वरून चिंब होतं. मी खाली हात घातला. म्हैस कोरडी होती.