मावशीने नापास केलेला सिनेमा

माझी मावशी पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणीच्या कामाला होती. यंत्रावरून उतरलेला प्रत्येक भाग तिच्या टेबलावर यायचा, ती तो मोजायची आणि पास की नापास ते सांगायची. केसाएवढा फरकही तिच्या नजरेतून सुटत नसे. कामगार पाठीमागे तिला ‘मायक्रोनबाई’ म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

काका म्हणजे तिचे यजमान, ते अगदी उलट. शाळेत भूगोल शिकवायचे आणि घरी आल्यावरही तास संपत नसे. कुठली नदी का वळली, कुठल्या वाऱ्याला काय म्हणतात, एकदा सुरू झाले की आवरायचे नाहीत. मावशी भांडी विसळत नुसती “हं, हं” करायची.

एका सकाळी दाढी करता करता काका कोसळले. मेंदूत गुठळी झाली होती. जीव वाचला, पण उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. कळायचं सगळं, तोंडातून मात्र एकच शब्द निघायचा : “चला.” पाणी हवंय का? “चला.” दुखतंय का? “चला.” कधी कधी स्वतःचंच ते ‘चला’ ऐकून त्यांचे डोळे भरून यायचे.

मावशीने सेवेत कसूर केली नाही. औषधं घड्याळाच्या काट्यावर, चादरीला एक सुरकुती नाही. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी तिला सांगितलं होतं, “त्यांच्याशी बोलत राहा.” मावशीने त्याचा अर्थ घेतला, सराव. ती रोज संध्याकाळी चित्रांचे पत्ते घेऊन पलंगासमोर खुर्ची टाकायची. “हे काय? कप. म्हणा, कप.” काका भिंतीकडे तोंड फिरवायचे. असे आठ महिने गेले. पत्ते संपले की त्या खोलीत पंख्याचाच काय तो आवाज.

त्याच सुमारास कारखान्यातल्या स्टोअरच्या बाई निवृत्त झाल्या आणि त्यांनी हौसेने सगळ्या बायकांना सिनेमाला नेलं. मावशी नाही म्हणत होती. मीच म्हटलं, “जा गं, काकांजवळ मी बसते.”

परत आली ती फणफणतच.

“काय सिनेमा होता! एका पोस्टमनची बायको सहा महिने बेशुद्ध. सहा महिने! आणि केस कसे, तर आत्ताच पार्लरमधून आल्यासारखे. कपाळाची पट्टी आधी डावीकडे, मग उजवीकडे. आणि शुद्धीवर कधी येते? बरोब्बर व्हायोलिन वाजायला लागल्यावर. वाजवणारा पलंगाखालीच लपला असणार!”

मी पोट धरून हसले. पलंगावर काकाही हसत होते. मावशी बोलता बोलता थांबली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. कितीतरी महिन्यांनी ते हसले होते.

तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, “भिकार सिनेमा, पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तो पोस्टमन रोज बाहेरून येतो, बूट काढता काढताच तिला सांगायला लागतो, आज त्या गल्लीत असं झालं, अमक्याच्या घरी तसं झालं. ती ऐकतेय की नाही, त्याला पर्वाच नाही. मी यांना आठ महिन्यांत काय सांगितलं गं? कप म्हणा!”

त्या संध्याकाळी कामावरून येऊन तिने पत्ते कपाटात टाकले आणि पलंगाच्या कडेला बसली. सुरुवात कशी करावी, तिला सुचेना. आजवर बोलायचं खातं काकांकडे होतं.

“आज… पंपाचा एक दांडा आला, शाफ्ट. वाकडा,” ती म्हणाली. “सुपरवायझर म्हणे, सरळ आहे, तुमच्या डोळ्यांचा नंबर वाढलाय. मी तो उचलला, सपाट टेबलावर ठेवला आणि दिला सोडून. तो असा निघाला, असा, दारू प्यायल्यासारखा…”

काकांनी डावा हात उचलून हवेत वेडावाकडा फिरवला. मग भुवया उंचावून म्हणाले, “चला?”

मावशीला कळलं. ते ‘पुढे?’ असं विचारत होते.

मग ते रोजचंच झालं. ती यायच्या वेळी काका दाराकडे तोंड करून बसायचे. ‘चला’चे किती सूर आहेत ते मावशीला हळूहळू कळत गेलं : खरं की काय, थापा मारू नकोस, बिचारा, पुरे आता. एकदा ती म्हणाली, सुपरवायझर मंगळवारी रजेवर होता. काकांनी मान हलवली आणि तीन बोटं दाखवली. बुधवार! आदल्या आठवड्यात तिनेच तसं सांगितलं होतं. मायक्रोनबाईची चूक पकडली म्हणून स्वारी झोपेपर्यंत खुशीत.

दुसरा शब्द काही त्यांना शेवटपर्यंत आला नाही. ते आणखी सहा वर्षं जगले.

ते गेल्यावर काही महिन्यांनी मावशीने मला त्या सिनेमाच्या लेखकाचा पत्ता शोधायला लावला आणि पत्र लिहिलं. आधी क्रमवार नऊ चुका. खाली लिहिलं होतं, “तरीही आपले आभार. आपल्यामुळे मला माझ्या नवऱ्याशी सहा वर्षं बोलता आलं. त्याआधीची बावीस वर्षं मी फक्त हं म्हणत होते.”

महिन्याभराने उत्तर आलं. “आठ चुका मान्य. नववी मान्य नाही, कृपया पुन्हा पाहावं. पत्र आईला वाचून दाखवलं. तिच्या आजारपणात बाबा तिच्याशी तसंच बोलायचे.” मावशीने सिनेमा पुन्हा पाहिला आणि नववी चूक मागे घेतली : कपाळाची पट्टी उजवीकडे दिसली होती ती आरशात.

आता ती निवृत्त झाली आहे. आठवड्यातून दोन दुपारी ती हॉस्पिटलच्या त्या वॉर्डात जाते, जिथे वाचा गेलेले लोक असतात. परवा मी तिला घ्यायला गेले, तर ती एका म्हाताऱ्या ट्रकड्रायव्हरच्या पलंगावर बसून त्याला आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टची भानगड सांगत होती. त्याची सून स्टुलावर बसून ऐकत होती. मला पाहून मावशीने हातानेच थांब म्हटलं.

मी दाराशी थांबले. सून पुढे सरकली, सासऱ्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, “बाबा, आपल्याकडे काल काय झालं, सांगू?”