मोरीवर बंद पडलेली स्कूटर

आधीच सांगते... भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि हे सगळं लिहून झाल्यावरही बसणार नाहीये. त्यामुळे कमेंटमध्ये कुणी लिंबू, उतारा, नारळ सुचवू नये. सुचवणारे आमच्या गावात भरपूर आहेत, त्यांच्यामुळेच तर लिहायला बसले.

मी महाड एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. दिवसभर पंप खोलायचे, सीलं बदलायची. घर नाते गावात, घरी आई आणि मी. बाबा शाळामास्तर होते, गेल्या वर्षी गेले. मागे राहिली त्यांची जुनी टू-स्ट्रोक स्कूटर - ऑइल मिसळलेलं पेट्रोल पिणारी, निळा धूर सोडणारी.

बाबांची एक सवय होती. घराच्या अलीकडे रस्त्याखालून पावसाचं पाणी जायला मोरी आहे. तिच्या बरंच आधी ते चालत्या गाडीवर वाकून सीटखालचा पेट्रोलचा कॉक बंद करायचे. कार्बोरेटरमध्ये उरलेलं पेट्रोल जळून संपायचं, मोरी आली की गाडी आपोआप बंद आणि पुढे उतारावरून घरंगळत थेट दारात. एक थेंब वाया जात नाही म्हणायचे. मी त्यांच्याशी भांडायचे - चालत्या गाडीवर वाकतं का कुणी? मी स्वतः हे कधीच केलं नाही. गाडी दारात लावली की मगच कॉक बंद.

तर यंदा मे महिन्यात पोलादपूरला मामाकडे गेलो होतो. परत येताना आई मागे, मांडीवर मामाने दिलेला फणस, दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. महाडात चवदार तळ्यापाशी आईला पाणी प्यायला थांबलो. किल्ली बंद केली तरी इंजिन दोन-चार ठोके जास्तच चाललं. उन्हामुळे असेल म्हटलं आणि निघालो.

नाते जवळ आलं आणि इंजिन एकदम किंचाळायला लागलं. मूठ सोडली - फरक नाही. किल्ली बंद केली - फरक नाही! क्लच दाबला तर केबलच तुटली. गिअर हलेना. ब्रेक दाबून धरले तर जळका वास यायला लागला, गाडी मात्र ओढतेच आहे. मोरीच्या पुढे उतार, आणि उतार संपतो तिथे दुकानापुढे बसलेली माणसं. मागे आई. खरं सांगते, मी इतकी घाबरले की डोकं चालायचंच बंद झालं. दोन्ही हात हँडलला चिकटले होते.

मोरी आली... आणि इंजिन बंद. एक गचका, दुसरा गचका, गाडी मोरीवर उभी. आईच्या हातातला फणससुद्धा हलला नव्हता.

दुकानापुढच्यांनी पाहिलं होतंच. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की किल्ली बंद, तरी मास्तरांची गाडी धावत होती. आमची काकी मनाने वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. घरी येऊन आईच्या तोंडावर म्हणाली, "अक्का, भावजी तुम्हाला न्यायला आले हायत."

आईने ते मनावरच घेतलं. बाहेर जाणं सोडलं, जेवण टाकलं. एक दिवस ट्रंकेतली नवी कोरी साडी काढून वर ठेवली. लागली तर तुला शोधायला नको, म्हणाली. मला इतका संताप आला म्हणून सांगू... रडूही आलं.

तोवर काकांनी देवळात कौल लावला. आमच्याकडे देवाच्या दोन्ही बाजूंना फुलं लावतात. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. गाडी घरात ठेवू का, असं विचारलं. डावं पडलं. झालं, गाडी भंगारात घाला!

मी म्हटलं, "देवाला विचारलंत. गाडीला कुणी विचारलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर गाडी अंगणात ओढली. आईला खुर्चीवर बसवलं. काका, काकी, शेजारीपाजारी उभे. प्लग काढला. चॉकलेटी असायला हवा, तो पांढराफटक. म्हणजे इंजिनात पेट्रोल कमी आणि हवा जास्त जात होती. हवा कुठून शिरते म्हणून फ्लायव्हील काढलं, तर मागचं रबरी सील कडक होऊन कडेला चिरलेलं. अशाने इंजिन इतकं तापतं की ठिणगी न देताही आतलं पेट्रोल पेटत राहतं. मग किल्ली बंद करून काय उपयोग? सील आईच्या हातात दिलं. हे बघ तुझं भूत, दीड बोटाचं. काकीकडे बघूनही तेच म्हटलं, जरा मोठ्याने.

आता हातासरशी कार्बोरेटरही साफ करू म्हणून आधी कॉक बंद करायला सीटखाली हात घातला.

कॉक बंद होता.

मी केला नव्हता. क्लच तुटला म्हणून गाडी ढकलत आणून पडवीत लावली होती, कॉकची आठवणच नव्हती. नंतर कुणीतरी बंद केला म्हणावं, तर कार्बोरेटर उघडला तो कोरडा ठणठणीत. टाकी मात्र अर्धी भरलेली. म्हणजे मोरीवर गाडी थांबली ती पेट्रोल न मिळाल्याने. कॉक चालत्या गाडीवर, मोरीच्या आधीच बंद झाला होता. हादऱ्याने फिरला म्हणाल, तर तो अंगठ्याने जोर लावल्याशिवाय फिरत नाही. नंतर मी मुद्दाम त्याच रस्त्यावरच्या खड्ड्यांतून गाडी आपटत नेली. जरासुद्धा हलला नाही.

अंगणात सगळ्यांना बंद कॉक आणि कोरडा कार्बोरेटर दाखवला. मग आई खुर्चीवरून उठली.

"न्यायला आलेला माणूस पेट्रोल बंद कशाला करील गो?"

काकीला म्हणाली. एवढंच. मग साडी ट्रंकेत परत ठेवली, हाताला तेल लावलं आणि फणस कापायला घेतला. पिकून घरभर घमघमत होता. काकीलाही बसवून घेतलं. कितीतरी दिवसांनी आई पोटभर जेवली, हे मला त्या दिवशीचं सगळ्यात जास्त आठवतं.

गाडी भंगारात घातली नाही, घालणारही नाही. दोन्ही बाजूंची सीलं नवीन आहेत, झकास पळते. ती का पळत सुटली याचं उत्तर माझ्याकडे आहे - चिरलेलं सील खिडकीत ठेवलंय, कुणीही येऊन बघावं. ती का थांबली, याचं उत्तर नाही. देवही सांगेना आणि माझा डिप्लोमाही.

मोरीच्या आधी कॉक मी आजही बंद करत नाही. मुद्दाम उघडा ठेवते. ज्यांना बंद करायचाय त्यांनी करावा, मी वाकणार नाही. दारात पोचलो की आई उतरते आणि आधी सीटखाली वाकून बघते. "उघडाच हाय," म्हणते, आणि स्वतःच्या हाताने बंद करते.