हळदीच्या डिस्कमधले अकरा सेकंद

मी अमरावतीत एका खाजगी संस्थेत कॉम्प्युटर शिकवते. त्यामुळे नात्यागोत्यात कुणाचा प्रिंटर अडला, कुणाचा पासवर्ड हरवला, की पहिला फोन मला येतो. मीही लगेच धावून जाते, कारण तिथे जरा भाव खाता येतो. म्हणून अकोल्याहून मावशीच्या सुनेने फोन करून विचारलं, "ताई, तुमच्या हळदीची डीव्हीडी मोबाइलवर येईल का?" तेव्हा मी हसूनच म्हटलं, "त्यात काय, अर्ध्या तासाचं काम."

त्या अर्ध्या तासाला पुढे अठरा दिवस लागले.

मावशीच्या नातीचं लग्न ठरलं होतं. नातीने एकच हट्ट धरला होता, हळदीला डीजे नको, आजीचं गाणं पाहिजे. आणि आजी तर बोलत नव्हती. मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. आमच्या गोतावळ्यातली एकही हळद तिच्या गाण्याशिवाय लागलेली नाही. पहिली हळद मायची, दुसरी काकूची, मग मामीची, आत्याची, पाचवी मावशीची आणि शेवटची सगळ्या गावाची, असं ते सहा कडव्यांचं गाणं. ती पुढे म्हणायची, बाकीच्या बाया मागून ओढायच्या. त्यातलं पाचवं कडवं ती दर लग्नात नवं रचायची, तिथल्या तिथे, हळदीची वाटी हातात घेऊन. कुणी कधी लिहून ठेवलं नाही. लिहायची गरज काय, मावशी होतीच की.

चौदा महिन्यांपूर्वी तिला लकवा मारला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. सगळं कळायचं, डोळे सगळं सांगायचे, पण तोंडातून एकच शब्द निघायचा, "बापा". भूक लागली तरी बापा, राग आला तरी बापा. आणि आम्ही सगळे घाईचे. तिने बापा म्हणून बोट दाखवलं की कुणी पाणी आणायचं, कुणी पंखा लावायचं, कुणी गोळी पुढे करायचं, आणि ती नुसती मान हलवत राहायची. या घाईत सगळ्यात पुढे मी. समोरच्याचं वाक्य त्याच्या आधी आपण पुरं करायचं, ही माझी खोड. माझे विद्यार्थी साक्षीला आहेत.

तर ते गाणं आता उरलं होतं एकाच ठिकाणी, सतरा वर्षांपूर्वीच्या माझ्या हळदीच्या डिस्कवर. डिस्क माहेरी होती. माहेर नांदगाव पेठच्या अलीकडे, झेंडूच्या वावरात. आईने ट्रंकेतून जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली डबी काढली, मी ती उघडली आणि माझं डोकंच फिरलं. डिस्कची चकचकीत बाजू पिवळी-लाल झाली होती.

"आई, हे काय आहे?"

"हयद-कुकू. दसऱ्याले पूजा करतो ना आपन."

"डिस्कची?"

"काहून? तराजूची करतो, विळ्याची करतो, पंपाची करतो. याच्यात त माह्या बहिणीचा आवाज हाये. याची नाही करायची त कशाची करायची?"

"पण चकचकीत बाजूला कशाला लावायचं?"

"मंग देवाले काय पाठीकून कुकू लावतेत का?"

उत्तर नसलं की मी ओरडते, तशी ओरडले. सतरा दसरे, दर दसऱ्याला एक बोट हळद, एक बोट कुंकू, वरून झेंडूच्या पाकळ्या, आणि दुसऱ्या दिवशी पदराने पुसायचं! आई लुगड्याच्या तुकड्याची घडी घालत राहिली. बोलली असती तर हेच बोलली असती, की "यंदा कॉपी करून देते" असं मीच तिला दर दिवाळीला सांगत आले होते. मला ते ठाऊक होतं, म्हणून तर आवाज जास्त चढला.

हल्लीच्या लॅपटॉपला डिस्क घालायची सोय नसते. मी बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. साबणाच्या पाण्याने, मऊ फडक्याने डिस्क गोल गोल पुसून चकचकीत केली. कॉपी सुरू झाली, निम्म्यावर गेली आणि अडली. स्क्रीनवर सायक्लिक रिडंडन्सी चेकची एरर आली. या एररचा अर्थ मी वर्गात फार ऐटीत समजावून सांगते: डिस्कवरून वाचलेलं आणि तिथे असायला हवं ते जुळत नाही. त्या दिवशी ती ऐट कामाला आली नाही. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच. दुसरं सॉफ्टवेअर घातलं. ते अडलेला भाग गुपचूप सोडून पुढे गेलं, कॉपी पूर्ण झाली, मी त्याची मोबाइलवर चालणारी फाइल बनवली आणि मोठ्या दिमाखात लावली.

चौथ्या कडव्यापर्यंत सगळं छान होतं. मग चित्र एकदम उडी मारून पुढे गेलं आणि तिथून मावशीचे ओठ आधी हलायचे, आवाज मागून यायचा. पाचवं कडवं तर सापडेचना. आठवडाभर मी सेटिंग बदलत राहिले, फाइलवर फाइल बनवत राहिले. नवऱ्याने एकदा सुचवलं, "जाऊ दे, चार कडव्यांत भागवा." त्यानंतर दोन दिवस त्याने काही सुचवलं नाही.

शेवटी डबीवरच्या स्टिकरकडे लक्ष गेलं. शूटिंग करणारा मावशीच्याच ओळखीचा, अकोल्याचा स्टुडिओवाला होता. नंबर तोच निघाला. सगळं ऐकून घेऊन ते काका म्हणाले, "गोल पुसली का तू? गोल पुसलं का रेघा तिच्या वाचायच्या वाटेवर पडतेत, बेटा. मधातून सरळ भायेर पुसा लागते. आता हात नको लावू. घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरली. डबी मांडीवर, पर्समध्येही ठेवली नाही. त्यांच्या दुकानात आता पासपोर्ट फोटो आणि फ्लेक्सची कामं चालतात, पण कोपऱ्यात धुळीने झाकलेला एक जाडजूड कॉम्प्युटर होता, आणि त्यात जुन्या काळचा ड्राइव्ह. काकांनी डिस्क उजेडात तिरपी धरून पाहिली, हळदीचा डाग पाहून हसले आणि म्हणाले, "तुह्या मायनं लगन चांगलंच लावलं हिचं."

मग त्यांनी वाचण्याचा वेग अगदी खाली आणला. मला राहवेना. "काका, असं तर दुपार होईल."

"होऊ दे. डिस्क म्हतारी झाली. तिले पयवलं त ती काहीच सांगत नाही. तिच्या चालीनं चालू दिलं त सांगते."

खरंच दुपार झाली. कॉम्प्युटर अडलेली जागा सोडून आधी पुढचं घ्यायचा, मग मागे येऊन तीच जागा पुन्हा पुन्हा वाचून पाहायचा. काकांनी मला चहा पाजला, पोहे खाऊ घातले, आणि "मावशीच्या कामाचे पैसे घेत नसतो" असं बजावून ठेवलं. माझ्यासारख्या उतावळ्या बाईला त्या माणसाने चार तास खुर्चीवर बसवून ठेवलं, याचे उपकार मी अजून मोजते आहे. हळूहळू एकेक भाग हाती आला. ओठ मागे-पुढे होण्याचं कारणही त्यांनी दाखवलं. माझ्या सॉफ्टवेअरने खराब भागातलं चित्र कापून दोन टोकं जोडून टाकली होती, आवाज मात्र तेवढा कापलाच नव्हता.

"गेलेल्याची जागा बंद नाही करायची," काका म्हणाले. "चित्र गेलं त तेवढाच काळा पडदा ठेवायचा, आवाज गेला त तेवढीच चूप ठेवायची. मंग पुढचं सगळं आपल्या जागी येते."

तसं केलं, आणि शेवटच्या कडव्यापर्यंत ओठ आणि आवाज एकत्र आले. फक्त अकरा सेकंद राहिले. तिथे डिस्कने काही केल्या तोंड उघडलं नाही. चौथं कडवं संपतं तिथून ते अकरा सेकंद सुरू होत होते. म्हणजे पाचवं कडवंच अख्खं गेलं होतं, जे तिने माझ्यासाठी रचलं होतं आणि जे दुसऱ्या कुणाला ठाऊक असणं शक्य नव्हतं. मलाही आठवत नव्हतं. हळदीच्या दिवशी नवरीचं लक्ष कुठे असतं!

फाइल घेऊन मी तशीच अकोल्यातल्या मावशीच्या घरी गेले. सून वही-पेन घेऊन तयार बसली होती. मी मावशीच्या खुर्चीजवळ स्टुलावर लॅपटॉप ठेवला आणि आधीच सांगून टाकलं, "मावशी, तुझं कडवं गेलं गं. मी लवकर कॉपी करायला पाहिजे होती. माझंच चुकलं." ती म्हणाली, "बापा."

फाइल लावली. पडद्यावर सतरा वर्षांपूर्वीची मावशी, हिरवं लुगडं, हातात वाटी.

पयली हयद मायची, माय उभी दारात,
दुसरी हयद काकूची, काकू गुतली कामात.

सून भराभर लिहीत होती. मामी झाली, आत्या झाली. मग पडदा काळा झाला, आवाज गेला. मला ती शांतता सोसवेना. पुढे सरकवायला मी हात नेला, तर मावशीने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. घट्ट धरलं. आणि तिचा आवाज आला. घोगरा, जरासा फाटलेला, पण सुरातला.

पाचवी हयद मावशीची, हाताले वास झेंडूचा,
पोरी, तुले लावता लावता गाल वल्ला मावशीचा.

लगेच पडदा उजळला आणि पडद्यावरची मावशी सहाव्या कडव्याला लागली. सुनेचं पेन हातातच राहिलं. मी रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मी म्हटलं, "मावशी, तू बोललीस!" ती काही सांगायला गेली, आणि तोंडातून निघालं, "बापा." तिलाच हसू आलं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, बोलणं गेलेल्या काही माणसांचं गाणं शाबूत राहतं, कधी कधी तिथूनच बोलण्याची वाट निघते. चौदा महिने आम्ही तिला अकरा सेकंदांची उसंत दिली नव्हती.

त्याच संध्याकाळी परत येऊन मी आधी आईकडे गेले आणि तिच्या पायावर डोकं ठेवलं. "आता काहून?" ती म्हणाली. डिस्कवर ओरडले म्हणून, आणि डिस्क जपली म्हणून, असं मी सांगितलं. माझ्या मैत्रिणींच्या डिस्का केव्हाच भंगारात गेल्या. माझी पूजेत राहिली. त्या कुंकवाबद्दलही आज माझी काही तक्रार नाही.

फाइल मी सगळ्यांना पाठवली. "इथं आवाज गेला, नीट कर," असे पाच-सहा मेसेज आले. मावशीचा नवा आवाज रेकॉर्ड करून तिथे बसवणं मला अवघड नव्हतं. मी बसवला नाही. सुनेनेही वहीत पाचव्या कडव्याची जागा कोरी ठेवली.

हळदीच्या दिवशी मावशीला खुर्चीसकट मांडवात आणलं. नात पाटावर बसली होती. बायांनी वहीत बघून गाणं उचललं, माय झाली, काकू, मामी, आत्या झाली, आणि ठरल्याप्रमाणे सगळ्या थांबल्या. मावशी हळदीच्या वाटीकडे बघत होती. अकरा सेकंद गेले, वीस गेले. मी जीभ दातांखाली धरून उभी होते. मग मावशीने डाव्या हाताचं बोट वाटीत बुडवलं, नातीच्या गालाला लावलं आणि म्हटलं,

पाचवी हयद आजीची, हाताले वास झेंडूचा,
नाती, तुले लावता लावता गाल वल्ला आजीचा.

हे डिस्कमध्ये नव्हतं आणि वहीतही नव्हतं. दर लग्नाप्रमाणे याही लग्नात तिने कडवं बदललं होतं. सहावं कडवं उचलायला आम्हा बायांना जरा वेळ लागला.