धारगळच्या पिशवीचा जामीन

गोव्यातल्या धारगळचा तो पिकअपवाला अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

आमच्या पोलीस ठाण्याला मिळालेली खबर पक्की होती. हमरस्त्यावर गाडी अडवली, पंचांसमोर झडती घेतली. मागे सात-आठ पिशव्या होत्या. कुणाचे लोणचे, कुणाच्या मुलाचे बूट. एकीत चरस निघाला, तोही कायद्याने 'व्यापारी' ठरणाऱ्या मोठ्या प्रमाणात. चालक मूळचा सिंधुदुर्गातला, लग्नानंतर इथेच स्थायिक झालेला. पिशवी कुणाची, विचारले तर म्हणाला, "सायबानू, रस्त्यार कोणी हात केल्यान की पिशवी घेतंय. आत काय आसा, ता इचारूची आमच्यात रीत नाय."

असली उत्तरे मी नोकरीत पोत्याने ऐकली होती. पण आमच्या पेडणे तालुक्यात ही रीत खरोखरच आहे, हेही मला ठाऊक होते.

पिशवी घ्यायला येणाऱ्याला आम्ही म्हापशात सापळा लावून पकडले. तिसऱ्या दिवशी वैतागून म्हणाला, "आत काय आहे ते पिकअपवाल्याला कशाला सांगू? तो फुकट नेतो!" पोलिसांपुढचा कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही. म्हणून वाटेतल्या पेट्रोल पंपावरच्या कॅमेऱ्याचे चित्रीकरण मिळवले. त्यात एक अनोळखी माणूस हात करून गाडी थांबवताना आणि पिशवी टाकून निघून जाताना स्वच्छ दिसत होता. बाकीच्या पिशव्यांच्या मालकांचेही जबाब घेतले.

एवढ्या मोठ्या साठ्याच्या खटल्यात जामीन सहजी मिळत नाही. आरोपी दोषी नाही असे मानायला वाजवी कारण आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, हे दोन्ही न्यायालयाला पटावे लागते. चालकाची बायको रोज ठाण्याच्या पायरीवर बसायची. वरिष्ठ म्हणाले, "विरोध करून मोकळे व्हा. नाहीतर लोक म्हणतील, खिसा गरम झाला." मला राग आला. जे सापडले ते सगळे, त्याच्या बाजूचेसुद्धा, मी सरकारी वकिलांच्या हाती दिले. न्यायालयाने चालकाला जामीन दिला, माल घेणाऱ्याला नाकारला. लोक बोलायचे ते बोललेच.

आरोपीला आत ठेवणे म्हणजेच यश, असे नव्या अधिकाऱ्यांना वाटते. जामिनाच्या वेळी आमचे खरे काम न्यायाधीशांपुढे पूर्ण चित्र ठेवणे, हे मी या प्रकरणात शिकलो.

जामिनाच्या अटीप्रमाणे चालक पहिल्या हजेरीला ठाण्यात आला. सही करून जरा घुटमळला. म्हणाला, "काल शेजारची म्हातारी लेकीक लाडू धाडी होती, सायबानू. मी पिशवी घेवंक नाय."

शहाणा झाला म्हणून मला बरे वाटायला हवे होते. वाटले नाही.