भाषा बिघडवल्याबद्दल

मी गुडघ्यावर बसले होते. सुमतीआजींचा डावा पाय माझ्या मांडीवर. सुजेसाठीचा घट्ट मोजा टाचेवरून वर ओढत होते आणि तोंडानं चाललं होतं, "झालं माय, झालं. येवढा येकच राहिला." आजी हसत होत्या.

दारात फ्राऊ लांगे उभी होती. आमच्या वृद्धाश्रमाची प्रमुख. तिच्यामागं माझ्यासोबत काम करणाऱ्या दोघी, आणि नर्सिंग शिकायला आलेली एक नवी पोरगी.

"हिअर व्हिर्ट डॉइच गेश्प्रोखन," ती म्हणाली. इथं जर्मन बोललं जातं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "हा बाजार नाही."

मागची एक जण हसली. आजी त्या आवाजानं दचकल्या आणि त्यांनी पाय ओढून घेतला. टाच माझ्या हनुवटीला लागली. मी उठले नाही. खाली बसल्या बसल्याच वर बघून म्हणाले, "एन्टशुल्डिगुंग." माफ करा.

कशाची माफी? एका म्हातारीला मोजा घालताना तिच्याशी तिच्या भाषेत बोलल्याची.

रेगेन्सबर्गमधली ती माझी पहिली नोकरी. परभणीत नर्सिंग केलं, मग जर्मन शिकले, परीक्षा दिली, आले. आमची वस्ती गावाच्या कडेची. घरात बाप संविधानाची उद्देशिका पाठ म्हणून घ्यायचा. आम्ही भावंडं रांगेत उभी राहून म्हणायचो. शाळेत मात्र मराठीच्या बाई मला उभं करून 'पाणी' म्हणायला लावायच्या. मी 'पानी' म्हणायची. परत म्हण. पानी. परत. वर्ग हसायचा. बाई म्हणायच्या, "यांच्या जिभेलाच वळण नाही." यांच्या म्हणजे कुणाच्या, ते वर्गाला न सांगता कळायचं. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की मराठी ही दुसऱ्या कुणाची तरी भाषा आहे आणि मी ती उसनी वापरते.

सुमतीआजींनी ते काढून टाकलं.

आजी पुण्याच्या. लग्न होऊन तरुणपणी जर्मनीत आलेल्या. नवरा इंजिनिअर होता, तो गेला. आयुष्यभर इथं दुकानात, बँकेत, शेजाऱ्यांशी जर्मन बोलल्या. मग स्मृतिभ्रंश झाला आणि त्यांची जर्मन गळून गेली. इंग्रजीही गेली. उरली ती फक्त मराठी. मी यायच्या आधी त्या अंघोळीला हात लावू द्यायच्या नाहीत. चावायच्या. कागदोपत्री त्यांची नोंद 'आक्रमक' अशी होती. पहिल्या दिवशी मी दारातूनच म्हणाले, "आजी, पानी कोमट हाय, या." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू कुणीतरी त्यांना गर्दीत हाक मारली. मग हात पुढं केला.

त्यानंतर त्या चावल्या नाहीत. जेवू लागल्या. कुठं दुखतंय ते सांगू लागल्या. मला चुकीच्या नावानं हाक मारायच्या, मी ओ द्यायची. माझं बोलणं कुणी दुरुस्त करत नव्हतं. उलट माझ्या बोलण्यावर एक माणूस जगत होतं.

त्यांचा मुलगा श्रीकांतकाका. साठीचे. मोटारीच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते, आता निवृत्त. इथल्या मराठी मंडळाचे आधारस्तंभ. आईच्या वतीनं सगळ्या सह्या तेच करायचे. मराठी भाषा दिनाला त्यांनी मला आग्रहानं बोलावलं, पुढच्या रांगेत बसवलं. भाषणात म्हणाले की मातृभाषा हा माणसाचा शेवटचा आसरा असतो, आणि हे मी माझ्या आईच्या खोलीत रोज बघतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. नंतर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "तू आहेस म्हणून आई आहे गं." माझे डोळे भरले होते.

म्हणून त्या बाजाराच्या बोलण्यानंतर मी पहिला फोन त्यांना केला. ते नेहमीसारखं मधेच जर्मन घालून म्हणाले, "आल्झो, म्हणजे हे अति झालं. मी बोलतो त्यांच्याशी. काळजी करू नकोस."

मी काळजी केली नाही. मला लेखी ताकीद मिळाली. रहिवाशांशी फक्त जर्मन. परत बोलताना दिसलीस तर नोकरी जाईल. माझा व्हिसा नोकरीला बांधलेला. मी गप्प बसले. आजींच्या खोलीत जाऊन जर्मनमध्ये म्हणायला लागले, हात वर करा, तोंड उघडा. त्या माझ्या तोंडाकडं बघत राहायच्या. मग भिंतीकडं तोंड करून झोपायला लागल्या. जेवण परत जायला लागलं. पुन्हा चावायला लागल्या. मलाच चावल्या.

एक दिवस सकाळी त्या पोट धरून कण्हत होत्या. फ्राऊ लांगे खोलीत होती. ती मोठमोठ्यानं विचारत होती, कुठं दुखतंय, कुठं दुखतंय. जितकं मोठ्यानं, तितक्या आजी आकसत होत्या. मी तिथंच उभी. हातात थर्मामीटर. फ्राऊ लांगेनं माझ्याकडं बघितलं. तिलाही माहीत होतं. मला वाटलं, आता ती म्हणेल, विचार तुझ्या भाषेत. ती म्हणाली नाही. हुकूम मागं घेण्यापेक्षा म्हातारी कण्हलेली तिला चालत होती.

मी थर्मामीटर ठेवलं. पलंगावर बसले. आजींचा हात धरला आणि मुद्दाम स्वच्छ, मोठ्यानं म्हणाले, "काय व्हतंय माय तुला? कुठं दुखायलंय?"

"लघवीला जळजळ होतेय," आजी म्हणाल्या. लगेच. नीट.

मी ते जर्मनमध्ये फ्राऊ लांगेला सांगितलं. आजींना औषध मिळालं. मला त्याच आठवड्यात काढलं.

वकीलबाई मला एका सल्ला केंद्रात भेटली. बव्हेरियन, माझ्याच वयाची, भराभर बोलणारी. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, कामाच्या जागी भेदभाव करू नये असा जो कायदा आहे, त्यात भाषा हा शब्द नाही. पण इथल्या घटनेत आहे. तिसऱ्या कलमात. भाषेमुळे कुणाला डावलता येणार नाही, असं सरळ लिहिलंय. या दोन्हींच्या मधे जी जागा आहे ना, तिथं तू उभी आहेस.

मी विचारलं, मग आजवर कुणी भांडलं कसं नाही?

"कारण अशा माणसांकडं वकिलाला द्यायला पैसे नसतात," ती म्हणाली.

ते माझ्या डोक्यात घुसलं. बापानं पाठ करून घेतलेली उद्देशिका आठवली. हक्क लिहिलेला असतो. पण तो खरा आहे का, हे कोर्टात जाऊन विचारावं लागतं. आणि विचारायलाच पैसे पडतात. ज्याच्याकडं नाहीत त्याचा हक्क कागदावरच राहतो.

त्यासाठी इथं एक सोय आहे. प्रोत्सेसकोस्टनहिल्फ म्हणतात. ज्याला परवडत नाही त्याचा कोर्टाचा आणि वकिलाचा खर्च सरकार उचलतं. पण आधी कोर्टाला पटावं लागतं की केस जिंकण्याची काही आशा आहे. वकीलबाई म्हणाली, आपल्याला साक्षीदार लागेल. आजींच्या मुलानं एवढंच सांगितलं पाहिजे की आईला मराठीशिवाय काही कळत नाही.

मी म्हणाले, ते तर सांगतीलच. मंडळ माझ्या पाठीशी आहे.

मी त्यांच्या घरी गेले. काकूंनी चहा आणला, चकली आणली. मी काकांना सगळं सांगितलं. ते कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. काकू आत निघून गेल्या.

मग म्हणाले, "हे बघ, तुला नंतर कळण्यापेक्षा मीच सांगतो. ती तक्रार माझी होती."

मला कळलं नाही. विचारलं, "कसली तक्रार?"

"तुझ्या बोलण्याची. आल्झो, तू चांगली मुलगी आहेस, तुझ्या कामाबद्दल काही नाही. पण आई तुझ्यासारखं बोलायला लागली होती. व्हिडिओ कॉलवर पुण्याच्या मावशीला म्हणाली, मला पानी दे गं माय. मावशी म्हणाली, सुमतीला ही कुणाची संगत लागली? आमच्या घरात असं कुणी कधी बोललेलं नाही. आईची भाषा फार शुद्ध होती. शेवटच्या दिवसांत तिच्या तोंडी हे नको. म्हणून मी होमला सांगितलं, जर्मनच बोला."

"त्यांना जर्मन कळत नाही, काका."

"गेनाऊ. अगदी बरोबर. माहितीय मला," ते म्हणाले. "पण निदान बिघडणार तरी नाही."

मला शाळेतल्या बाई आठवल्या असं मी म्हणणार नाही. मला काहीच आठवलं नाही. फ्राऊ लांगेनं बाजार म्हणलं ते मला समजू शकत होतं. तिला माझी भाषा येत नव्हती. या माणसाला येत होती. त्याला माझा एकेक शब्द कळत होता, आणि कळत होता म्हणूनच तो नको होता. त्यानं मला पुढच्या रांगेत बसवून टाळ्या मिळवल्या आणि मागच्या दारानं माझं तोंड बंद करून घेतलं. आई उपाशी भिंतीकडं वळली तरी चालली. आमच्या वस्तीचा शब्द तिच्या तोंडी नको.

मी उठले. ते म्हणाले, "आणि कोर्टात मंडळाचं नाव घेऊ नकोस. आपल्या सगळ्यांना इथं राहायचंय."

"आपल्या म्हणजे कुणाच्या?" मी विचारलं. मी चहा तसाच सोडून निघाले.

कोर्टानं मदत नाकारली. जिंकण्याची पुरेशी आशा नाही. होमच्या वकिलानं लिहून दिलं होतं की सोर्बियन, डॅनिश, फ्रिशियन, रोमानी या इथल्या मान्य अल्पसंख्य भाषा आहेत, मराठी त्यांत नाही. शिवाय रहिवाशाच्या मुलाचीच तशी इच्छा होती. घरी येऊन मी जमिनीवर बसले. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवाळीच्या कार्यक्रमाची चर्चा चालली होती. माझ्याशी कुणी बोललं नाही. एकीनं खासगीत लिहिलं, तुझं बरोबर आहे, पण माझं नाव नको. मी ग्रुप सोडला.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईकडं गेले. ती म्हणाली, वरच्या कोर्टात दाद मागता येते. पण आधी मला सांग, एका मराठी माणसाला मराठीचा राग का यावा? मला हे समजत नाही.

मी तोवर तिला जात सांगितली नव्हती. या देशात ती सोबत आणलीच नाही असं समजून चालले होते. त्या दिवशी बोलले. ण आणि न यांत काय आहे ते सांगितलं. कुणाच्या जिभेला वळण असतं आणि कुणाच्या नसतं, हे कोण ठरवतं ते सांगितलं. वस्ती कुठं असते ते सांगितलं. जर्मनमध्ये सांगताना शब्द सापडत नव्हते, पण लाज वाटत नव्हती. ती लिहीत राहिली. शेवटी म्हणाली, "हे आमच्या कायद्यात कुठं बसवू ते मला माहीत नाही."

"बसत नसेल तर तसं कोर्टानं म्हणू दे," मी म्हणाले.

वरच्या कोर्टानं खालचा निर्णय फिरवला. हा प्रश्न अजून कुठल्या कोर्टानं सोडवलेला नाही, असं म्हणलं. जो सुटलेलाच नाही, त्याचं उत्तर गरीब माणसाला मदत नाकारताना दारातच देऊन टाकता येत नाही. ज्याच्याकडं पैसे आहेत तो हाच प्रश्न आत नेऊ शकतो. मग हिलाही नेता आला पाहिजे. खर्च सरकार देणार. वकीलबाईनं वाचून दाखवलं, मी परत वाचायला लावलं. मला आनंद झाला असं नाही. मी ताठ बसले, एवढंच.

मग होमकडून तडजोड आली. चांगलं प्रमाणपत्र, वर थोडी भरपाई, आणि मी या विषयावर कुठं बोलायचं नाही. मला तोवर दुसऱ्या गावी काम मिळालं होतं, व्हिसा वाचला होता. त्याच संध्याकाळी श्रीकांतकाकांचा फोन आला. आवाज मऊ. "घे ना. कशाला ताणतेस? आईची तब्येत बरी नाही. ती आता काही बोलतच नाही."

"कुठल्या भाषेत बोलत नाही?" मी विचारलं आणि फोन ठेवला.

आजींना मला भेटू देत नाहीत. होममध्ये जायला मला बंदी आहे. त्या माझ्या केसचा निकाल ऐकायला राहतील असं मला वाटत नाही. राहिल्या तरी तो त्यांना कळणार नाही. ही केस त्यांना काही परत देणार नाही.

मी वकीलबाईला सांगितलं, तडजोड नको. आणि श्रीकांतकाकांना साक्षीला बोलवा, आपल्या बाजूनं.

ती म्हणाली, "तो तुझ्या विरोधात बोलेल."

"बोलू दे. घरात चहा पिता पिता मला जे बोलला ते कोर्टात बोलू दे. खोटं बोलला तर शिक्षा होते, हे कोर्टानं त्याला आधी वाचून दाखवावं. मग त्याला तुमच्या भाषेत सांगू दे, की माझ्या आईशी ही बाई बोलली म्हणून आईची जीभ विटाळली. ते लिहून घ्या. नीट लिहून घ्या."

आम्ही हरूही शकतो, ती म्हणाली. मला माहीत आहे. हरले तर वरच्या कोर्टात जाईन. तिथं पुन्हा मदत मागेन, नाकारली तर त्याविरुद्ध दाद मागेन. मी आता खाली बसून कुणाची माफी मागणार नाही. फ्राऊ लांगेची नाही आणि मराठी मंडळाची तर नाहीच. मला प्रमाणपत्र नको. मला निकाल पाहिजे. तो काय असायचा तो असो, पण उघड्यावर, सगळ्यांना वाचता येईल असा, आणि त्यात त्या माणसाचं बोलणं शब्दाला शब्द पाहिजे.